कबरीवरचा फोटो चिकटवलेला नसतो
गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती दफनभूमीत काही कबरींवर लंबगोल फोटो दिसतात. कागदी फोटो फरशीवर चिकटवून वर काच बसवली असेल, असा अनेकांचा समज असतो. खऱ्या पोर्सिलेन फोटोत कागद नसतोच. धातूंच्या ऑक्साइडांचे रंग चिनी मातीच्या तबकडीवर उतरवून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. रंग झिलईशी (मातीवरच्या काचेसारख्या थराशी) एकजीव होतो. या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये १८५४ साली घेतले गेले.

घरातली कपबशी आठवा. रोज घासूनही तिच्यावरचे भाजलेले फूल टिकते. डब्यावरचे स्टिकर मात्र लवकरच सोलते.

नुसत्या लेपात शाई उतरवलेली स्वस्त तबकडी नवी असताना अगदी भाजलेल्या तबकडीसारखीच दिसते, पण उन्हात फिकी पडते. म्हणून तबकडी करून घेताना रंग भट्टीत भाजतात का, हे आधी विचारा. भाजलेली तबकडीही दगड लागला तर तडकते. टिकतो तो रंग.

फोटो देताना घाई नको. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला बोटभर चेहरा मोठा केला की डोळेच पुसट होतात. मूळ प्रत नीट स्कॅन करून द्या, आणि शक्यतो आजारपणातला फोटो टाळा.