गाभण मांजरी आणि तिची पिल्ले

बंगालमध्ये षष्ठी ही मुलाबाळांचे रक्षण करणारी देवता असून मांजर हे तिचे वाहन मानले जाते. महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी जिची पूजा होते ती सटवाई नावाने आणि कामाने या षष्ठीचीच बहीण होय. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला बंगाली घरांत जावयाला जेवावयास बोलावतात. त्या दिवशीच्या व्रतकथेत एक खादाड सून चोरून मासे खाते आणि आळ मात्र घरातील काळ्या मांजरीवर ढकलते. मांजरी देवीकडे गाऱ्हाणे नेते, आणि सुनेची मुले जन्मताच एकामागून एक नाहीशी होऊ लागतात. सुनेने क्षमा मागितल्यावरच ती तिला परत मिळतात.

अशा श्रद्धेच्या छायेत वाढलेल्या शहरात व्यालेल्या मांजरीला हुसकावून लावणे अनेकांच्या जिवावर येते, हे मांजरीचे भाग्य. परंतु हुसकावून न लावणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. कोलकात्याच्या जुन्या वस्त्यांतील मांजर बहुधा अर्धे घरचे आणि अर्धे गल्लीचे असते. त्याच्यावर माया करणारे लोक पुष्कळ भेटतात. पण ही माया दुधाची वाटी, काट्यांसह कालवलेला मासे-भात आणि पिल्ले पुनःपुन्हा हातात घेणे यांतच खर्ची पडते, आणि या तिन्ही गोष्टी मांजरीच्या फारशा उपयोगाच्या नसतात.

मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात; कोलकात्यासारख्या उष्ण प्रदेशात मात्र ऋतूंचे हे बंधन सैल असल्याने जवळजवळ वर्षभर पिल्ले जन्मतात. समागमानंतर साधारण तीन आठवड्यांनी आचळे गुलाबी होऊन फुगतात. ही पहिली खूण होय. पोटाचा घेर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दिसू लागतो. पोट दाबून पिल्ले मोजण्याचा मोह घरच्यांनी टाळावा. ते काम पशुवैद्याचे आहे. बेलगाछिया येथे १८९३ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या या शहरात पशुवैद्य सापडणे कठीण नाही. त्याच्याकडे एकदा जाऊन येण्याचा मोठा लाभ असा की, जंतांचे कोणते औषध चालेल आणि कोणती लस या काळात टोचू नये, हे वेळीच कळते. मांजरांच्या एका घातक साथीवरील जिवंत विषाणूंची लस गर्भावस्थेत दिल्यास पिल्लांचा लहान मेंदू खुरटतो आणि ती जन्मभर अडखळत चालतात. माणसांची औषधे तर कधीच देऊ नयेत. तापावर घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

आहाराविषयी सविस्तर सांगावयास हवे, कारण बंगाली घरात चूक होते ती येथेच. मांजर हे पूर्णतः मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस व मासे यांतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचे पडदे आणि हृदय दुबळे होते, गर्भ पोटातच मरतात किंवा पिल्ले अशक्त जन्मतात. भातात माशाचे थोडेसे कालवण आणि वर काटे, हे जेवण पोट भरते, पण पोटातील चार जीव पोसत नाही. भात कमी आणि मासा अधिक, असे प्रमाण ठेवावे. मासा उकडून, काटे काढून द्यावा. बाजारात मासा कापताना उरलेला भाग कच्चाच मांजरीपुढे टाकतात. परंतु कार्प कुळातील अनेक माशांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक विकर असते, आणि ते शिजवल्यानेच निष्प्रभ होते. माणसांच्या रश्श्यातील कांदा व लसूण मांजरीच्या रक्तपेशी नष्ट करतात, म्हणून तिचा वाटा फोडणीपूर्वीच बाजूला काढावा. मासा-मांसाबरोबर अंडे किंवा पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य दिल्यास फारच उत्तम. गर्भकाळाच्या अखेरीस तिला नेहमीच्या दीडपट अन्न लागते. पोटात जागा उरत नसल्याने ते थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. दुधाची वाटी ही मात्र निव्वळ समजूत आहे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. वाटी ठेवावयाची ती स्वच्छ पाण्याची.

शेवटच्या पंधरवड्यात ती जागा शोधू लागते. जिन्याखालचा अंधारा कोपरा, गच्चीवरची चिलेकोठा नावाची खोली, उघडे राहिलेले कपाट, जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग यांची ती पाहणी करते. तिच्या अगोदरच आपण एखादे खोके तयार ठेवावे: तिला पाय पसरून पडता येईल एवढे मोठे, पुढची कड इतकी उंच की आई ओलांडील पण पिल्लू बाहेर पडणार नाही, आणि तळाशी धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या घड्या. इतके करूनही तिने दुसरीच जागा पसंत केली, तर या बाबतीत मांजरीचे मत घरमालकाच्या मतापेक्षा अधिक ग्राह्य मानावे. मात्र दोन ठिकाणी हस्तक्षेप आवश्यक आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या असल्यास त्या काढून टाकाव्यात, कारण त्यांचा अर्क मांजरांना विषारी असतो. तसेच जागा स्वच्छ करताना फिनेल वापरू नये. हे द्रव्य मांजरांच्या यकृताला निकामी करता येत नाही, आणि फरशीवरचे फिनेल पायाला लागून चाटण्यातून पोटात जाते. साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे. पावसाळ्यात ठनठनिया परिसरासारख्या सखल भागात तळमजल्यावर पाणी शिरते, तेव्हा खोके वरच्या मजल्यावरच असावे.

प्रसूतीचा दिवस आला की मांजरी अन्न सोडते, खोके उकरते, घुरघुरते; कधी माणसाजवळ घुटमळते, कधी लपते. ही अवस्था बारा ते चोवीस तासही टिकते. मग कळा सुरू होऊन पिल्ले येऊ लागतात. बहुधा तीन ते पाच असतात. मागचे पाय किंवा शेपटी आधी दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. मांजरांत हे वारंवार घडते. आई स्वतःच पडदा फाडते, नाळ चावून तोडते, पिल्लाला चाटून श्वास सुरू करते आणि वार खाऊन टाकते. पाहणाऱ्याने दूर, शांत बसावे आणि किती वारा पडल्या ते मोजावे. तिने पडदा फाडलाच नाही, तरच स्वच्छ हातांनी तो तोंडावरून काढून पिल्लू खरखरीत कापडाने चोळावे. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू न येणे, अर्धवट आलेले अडकणे, किंवा पिल्लू न येताच हिरवट अथवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होणे, अशा वेळी घरगुती उपायांत क्षणही न घालवता पशुवैद्य गाठावा. येथे ओढाताण केल्यास आई आणि पिल्लू दोन्ही जातात.

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे शंभर ग्रॅम असते. ते आंधळे व बहिरे असते आणि स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात आईलाच धाप लागते, तेव्हा वाऱ्याची सोय पाहावी. जानेवारीच्या रात्री मात्र कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे पिल्लाला नको असेल तर सरकता येते. पहिल्या सोळा-अठरा तासांत आईचा चीक पोटात जाणे अत्यंत महत्त्वाचे असते. रोगांशी झगडण्याची शक्ती तो देतो. पुढे रोज एकदा, आई जेवावयास उठली असता, पिल्लांचे वजन करावे. सोनाराच्या तराजूची गरज नाही, स्वयंपाकघरातला काटा चालतो. रोज सुमारे दहा ग्रॅमची वाढ झाली तर सर्व ठीक आहे. न वाढणारे, सतत रडणारे पिल्लू आजारी समजावे.

दूध पाजणाऱ्या आईला नेहमीच्या दोन ते तीन पट अन्न लागते. ते न मिळाल्यास ती स्वतःची हाडे-मांस झिजवते. ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, तर रक्तातील कॅल्शियम घटल्याचे ते लक्षण असते आणि उपचाराला काही तासच उरलेले असतात. एखादे आचळ गरम, कठीण आणि दुखरे झाले तर त्यात पू होत आहे असे समजावे. आई मेली अथवा परतली नाही, तर गाईचे दूध पिल्लांना पुरत नाही. पिल्लांसाठीची दूधभुकटी आणावी, पिल्लाला पालथे धरून पाजावे (उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाते) आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने त्याचे ढुंगण पुसावे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या चाटण्यावाचून त्याला लघवी होत नाही.

मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे मराठीत म्हणतात. आकडा सोडला तर निरीक्षण खरे आहे. गोंगाट, अनोळखी माणसांची ये-जा, घाण झालेले अंथरूण यांमुळे ती पिल्लाची मानगूट धरून त्याला दुसरीकडे नेते. पाहुण्यांना पिल्ले दाखविण्याची हौस म्हणून पहिले दोन आठवडे आवरावी. डोळे सातव्या ते दहाव्या दिवशी उघडू लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र घरच्यांनी पिल्लांना रोज थोडा वेळ हाताळलेच पाहिजे. या वयात माणसाची सवय लागली नाही तर ती पुढे रानटीच राहतात. घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजरीला घालवून देण्याची गरज नसते. विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. दुसऱ्या कोणी विष्ठा रोज उचलली तर पुरते.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना मऊ कालवलेला मासा किंवा खिमा द्यावा. आठ आठवडे होण्यापूर्वी त्यांना आईपासून तोडू नये. बारा झाले तर अधिक चांगले. याच काळात, दूध पाजत असतानाच, मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते, आणि गल्लीतील बोके ही संधी दवडत नाहीत. म्हणून तिला तोवर घरातच ठेवावे आणि पिल्ले दुधावरून सुटून आचळे आटली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी.