न आलेली पोचपावती

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. घरीं मातोश्रींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां वडिलांनीं ईमेलनें सविस्तर पत्र धाडलें व वाचल्याची पावतीही मागितली. आठ दिवस लोटले. पावती आली नाहीं. 'पत्र उघडण्याचेंही सौजन्य उरलें नाहीं,' असा ग्रह करून त्यांनीं अबोला धरला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं चिरंजीव दारांत उभे राहिले, तेव्हां उलगडा झाला. पत्र त्यांनीं त्याच रात्रीं वाचलें होतें. पावती धाडण्याची सोय मात्र त्यांच्या फोनमध्यें नव्हती. मधले दिवस मातोश्रींनीं डोळ्यापेक्षां बापलेकांच्याच काळजींत काढले.

रजिस्टर टपालाच्या पोचपावतीवर घेणाराची सही होऊन ती परत येत असे. ईमेलची पावती तशीच असावी, ही समजूत चुकीची आहे. येथें पावत्या दोन. पहिली पोहोंचल्याची, तिचे नियम १९९६ सालीं ठरले. ती समोरचा सर्व्हर देतो, आणि तिचा अर्थ एवढाच कीं, पत्र त्यानें स्वीकारलें. मग तें 'स्पॅम'च्या कप्प्यांत कां पडेना! दुसरी वाचल्याची, तिचे नियम १९९८ चे. ही केवळ विनंती असते. घेणारा ती नाकारूं शकतो. जीमेलच्या व्यक्तिगत खात्यांत तर ही सोयच नाहीं. उलटपक्षीं पावती आली तरी पत्र पडद्यावर उघडलें इतकेंच कळतें. तें वाचून समजलें, अशी हमी तेच नियम देत नाहींत. तेव्हां पावती न येण्यावरून कोणाच्या मनाची परीक्षा करूं नये.

मग शंका आल्यास करावें काय? प्रथम पत्र 'आउटबॉक्स'मध्येंच अडकलें नाहीं ना, हें पाहावें. पत्ता अक्षरन् अक्षर ताडावा. तो चुकला असल्यास बहुधा 'मेलर-डीमन' या नांवानें परतीचें पत्र येतें. तें न वाचतां काढून टाकूं नये. समोरचा सर्व्हर बंद असल्यास आपला सर्व्हर सामान्यतः चार-पांच दिवस पुनःपुन्हां प्रयत्न करतो, म्हणून हें परतीचें पत्र उशिरांही येतें. नंतर समोरच्यास 'स्पॅम'चा कप्पा पाहावयास सांगावें. त्याच्या खात्यांतील जागा भरली असल्यासही पत्र आंत शिरत नाहीं. गूगलच्या विनामूल्य १५ जीबी जागेंत छायाचित्रेंही मोजलीं जातात, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

इतकें करूनही मन स्वस्थ होत नसेल, तर रुसून न बसतां सरळ फोन करावा. आणि परदेशीं असलेल्या आमच्या तरुण वाचकांस एक विनंती. रजेचें नक्की होईपर्यंत उत्तर लांबवूं नये. 'पत्र मिळालें, रजेचें पाहतों,' एवढी एक ओळ त्याच रात्रीं लिहावी. घरीं तिचीच वाट पाहिली जात असते.