अति-उच्च विभेदन पटल

अति-उच्च विभेदन पटल म्हणजे किमान ३८४० × २१६० पिक्सेल असलेला दृश्यपटल होय. पिक्सेल हा पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान ठिपका. असे ठिपके जितके अधिक, तितके पटलाचे विभेदन, म्हणजे व्यवहारातील ‘रेझोल्यूशन’, अधिक. वरील प्रकार बाजारात ‘फोरके’ या नावाने, तर ७६८० × ४३२० पिक्सेलचा प्रकार ‘एटके’ या नावाने ओळखला जातो. फुल एचडी पटलावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. फोरकेवर त्याच्या चौपट आणि एटकेवर सोळापट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१२ मध्ये दोन्ही प्रकारांसाठी तांत्रिक शिफारस प्रसिद्ध केली. जपानच्या एनएचके या संस्थेने १ डिसेंबर २०१८ पासून एटकेचे नियमित उपग्रह प्रक्षेपण सुरू केले.

== डोळ्याची मर्यादा ==

सामान्य दृष्टीचा डोळा सुमारे एक कलेइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. तीन मीटरवर हे अंतर सुमारे ०.८७ मिलिमीटर भरते. ४३ इंची फुल एचडी संचाचा पिक्सेल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे बैठकीच्या खोलीत तीन मीटरवर बसणाऱ्यास त्याच आकाराचा फोरके संच घेऊन तपशिलात फारसा लाभ होत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात ही क्षमता एका अंशात ९४ पिक्सेलपर्यंत, म्हणजे रूढ समजाच्या दीडपट आढळली. तो आकडा धरला तरी या उदाहरणातील निष्कर्ष बदलत नाही.

== वर्गातील पटल ==

‘लातूर पॅटर्न’मुळे लातूर आणि त्यापाठोपाठ नांदेड ही शहरे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची केंद्रे बनली. अशा मोठ्या वर्गांत ७५ इंची पटल लावल्यास पंधरा मीटरवरील शेवटच्या बाकावरून एक कला म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटर, तेवढ्या जागेत फुल एचडीचेही पाच पिक्सेल मावतात. तेथे उणीव विभेदनाची नसते, अक्षराच्या उंचीची असते. दृष्टितपासणीच्या तक्त्याच्या हिशेबाने या अंतरावर रोमन अक्षर किमान २.२ सेंटिमीटर उंच हवे. काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीस, शिवाय तासभर न थकता वाचायचे असल्यास, त्याच्या दुप्पट उंची धरणे योग्य. मग ९३ सेंटिमीटर उंचीच्या पटलावर दहा-बारा ओळींपेक्षा अधिक मजकूर बसत नाही. त्यामुळे खरेदीत फोरकेऐवजी पटलाचा आकार, किंवा वर्गाच्या मध्यावर दुसरा पटल, हा खर्च अधिक सार्थकी लागतो.

जवळून वाचताना मात्र हिशेब उलटतो. १५.६ इंची लॅपटॉपच्या १३६६ × ७६८ पडद्यावर दर इंचास सुमारे १०० पिक्सेल असतात. अर्ध्या मीटरवरून डोळा सुमारे १७५ पिक्सेलपर्यंत भेद करू शकतो. अशा पडद्यावर लहान टंकात ‘घ’ आणि ‘ध’ यांमधील शिरोरेषेचा फरक पुसट होतो, अनुस्वार वेलांटीत मिसळतो. मुद्रितशोधन, नकाशे व क्ष-किरण प्रतिमा पाहणाऱ्यांना म्हणूनच अधिक विभेदनाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी तर पाच मेगापिक्सेलचे खास पटल वापरतात.

== आशय आणि खर्च ==

२०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास भारतात उपग्रह सेवांनी फोरके प्रक्षेपण आणले. त्यांत मूळ मराठवाड्यातील व्हिडिओकॉन समूहाची डीटूएच सेवाही होती. या समूहाचा कारखाना औरंगाबादजवळ चितेगाव येथे होता. ग्रामीण भागात लोकप्रिय असलेल्या डीडी फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या मात्र साध्या विभेदनाच्या, ७२० × ५७६ पिक्सेलच्या आहेत. असे चित्र फोरके पटलावर पसरले की दर वीस पिक्सेलांमागे एकाचीच माहिती मूळ असते. उरलेले एकोणीस संच अंदाजाने भरतो. चांगला संच हे काम नीट करतो, स्वस्त संचात चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात.

इंटरनेटवरून फोरके चित्रपट पाहण्यास सेकंदाला सुमारे १५ मेगाबिट वेग लागतो. या वेगाने तासाला पावणेसात गिगाबाइट खर्च होतात. दिवसाला दीड गिगाबाइट देणारा मोबाइल पॅक सुमारे तेरा मिनिटांत संपतो.

वीज हाही मुद्दा आहे. एकाच आकाराच्या पटलात पिक्सेल वाढले की प्रकाश आरपार जाण्याची जागा आक्रसते, आणि तेवढेच तेज राखण्यासाठी मागील दिवे अधिक प्रखर ठेवावे लागतात. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून वीजवापराची कमाल मर्यादा एटके संचांनाही लागू केली.