किनाऱ्यावरील थर्मल कॅमेरा : चित्र अंधुक का होते?
देवगड तालुक्यातील कुणकेश्वरासारख्या, समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी थर्मल कॅमेऱ्याचे, म्हणजे वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांवरून प्रतिमा घडवणाऱ्या यंत्राचे, चित्र अंधुक झाले, तर प्रथम जर्मेनियमच्या भिंगावरील खारट थर गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा. साधी काच हे किरण अडवते, म्हणून कॅमेरा खिडकीआड बसवू नये. चित्रात स्थिर डाग किंवा रेषा उमटत असतील, तर आतील झडप क्षणभर मिटून सर्व संवेदकबिंदूंचा प्रतिसाद सारखा करणारी समतोलनाची क्रिया पुन्हा करावी. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास खडक व वाळू यांची तापमाने जवळ येऊन दृश्य सपाट दिसते आणि पावसाळ्यात दमट हवा किरण शोषून घेते. हा यंत्राचा दोष नव्हे.