सोन्याला धरून ठेवणारा ऑक्सिजन

लोहगडवाडीतून लोहगडाकडे चढताना जो काळा कातळ लागतो, त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा ऑक्सिजनचा असतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोह यांना ऑक्सिजनने असे घट्ट बांधले आहे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट आजही उभा आहे. दक्षिणेला कोल्हापूरच्या दुर्गमानवाडी परिसरात पावसाने अशाच खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे बॉक्साइट उरले. ते बेळगावच्या कारखान्यात गेले, त्याचा ॲल्युमिना झाला. असा ॲल्युमिना शुद्ध करून, भाजून सिरॅमिकच्या पातळ चकत्या बनवतात. रडार आणि उपग्रहांतली नाजूक सर्किटे त्यांच्यावर उभी राहतात.

सर्किटाला सोन्याचा थर लागतो, कारण सोने गंजत नाही. पण ऑक्सिजनशी नाते न जोडण्याचा हाच गुण इथे आड येतो. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग ऑक्सिजनने भरलेला. त्यावर थेट बसवलेले सोने साध्या चिकटपट्टीनेही निघून येते.

उपाय म्हणून आधी टायटॅनियम किंवा क्रोमियमचा २० ते ५० नॅनोमीटरचा थर देतात. हे धातू ऑक्सिजनला आसुसलेले असतात. खाली ते सिरॅमिकमधल्या ऑक्सिजनशी बंध जोडतात, वर धातू म्हणून सोन्याला धरतात. मात्र दोन्ही थर एकाच निर्वात कक्षात, मध्ये हवा न शिरू देता द्यावे लागतात. हवा लागली, की टायटॅनियमवर ऑक्साइड चढते आणि सोन्यापुढे पुन्हा तोच परका पृष्ठभाग येतो.

त्याआधीची स्वच्छता तितकीच निर्णायक. बोटाच्या तेलाचा अंशही बंध तोडतो, म्हणून चकती द्रावकांत धुऊन शेवटी ऑक्सिजन प्लाझ्माने साफ करतात. गिलाव्यापूर्वी भिंतीला टाचे मारतात तसा खडबडीतपणा पकड वाढवतो, पण बारीक रेषांच्या सर्किटाला तो चालत नाही. थर जाड केला तर ताण साठतो आणि कडा उचलल्या जातात. फार तापवले तर क्रोमियम सोन्यात झिरपते; तिथे मध्ये निकेल किंवा प्लॅटिनमचा अडसर घालतात.

थर देण्याची दुसरी पद्धत धातूच्या पेस्टची; पुण्याच्या सी-मेट संस्थेत जाड थरांच्या अशा धातू-पेस्टवर संशोधन होत आले आहे. अशा अनेक पेस्टमध्ये पकडीचे काम काचेची भुकटी करते.

थर ताजा असताना चिकटपट्टीच्या चाचणीत टिकणे पुरेसे नाही. पाण्याची वाफ सांध्यात शिरून बंध सोडवते. म्हणून ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवून नमुने पुन्हा तपासतात. मावळासारख्या प्रदेशात वर्षाचे चार महिने ओल्या हवेत चालणाऱ्या उपकरणांसाठी विश्वास ठेवावा तो या दुसऱ्या निकालावर.