चारशे आवाजांचा पक्षी

मॉकिंगबर्ड पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थोडा विरसच होतो. आकार साळुंकीच्या आसपास, पाठ राखाडी, पोट मळकट पांढरं. उडताना पंखांवरचे पांढरे पट्टे चमकतात, तेवढीच काय ती शोभा. पण त्याने चोच उघडली, की एकट्याच्या गळ्यातून अख्खं रान बोलू लागतं. मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेत त्याला ‘चारशे आवाजांचा’ अशा अर्थाचं नाव आहे. १७५८ साली लिनियसने त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्यातही ‘अनेक भाषा बोलणारा’ असाच अर्थ आहे.

एका नराला दोनशेपर्यंत ताना येऊ शकतात. इतर पक्ष्यांची गाणी, बेडकांचं ओरडणं, हल्ली मोटारींचे भोंगेसुद्धा तो उचलतो. सह्याद्रीतला आपला भृंगराजही नकला करण्यात पटाईत. पण मॉकिंगबर्डच्या गाण्याची एक खास खूण आहे. एक तान तो तीन-चार वेळा घोळवतो, क्षणभर थांबतो आणि मग पुढची घेतो. चांदण्या रात्री पहाटेपर्यंत गात बसलेला असतो तो बहुधा जोडीदार न मिळालेला नर.

याच गळ्यापायी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याची पिलं घरट्यांतून काढून पिंजऱ्यांसाठी विकली जात, इतकी की काही भागांत तो दिसेनासा झाला. त्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनीही मॉकिंगबर्ड पाळले होते. त्यांतल्या एकाचं नाव डिक. तो मात्र त्यांच्या अभ्यासिकेत मोकळा उडायचा.

नकलांचं कौतुक सगळेच करतात. मला अधिक थक्क करते ती त्याची नजर. घरट्याजवळ आलेल्या मांजरावरही हे पक्षी झडप घालतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी याच स्वभावाची परीक्षा घेतली; निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकच माणूस ओळीने चार दिवस घरट्यापाशी जाऊन अर्धं मिनिट थांबायचा आणि घरट्याला हात लावायचा. कपडे रोज वेगळे. तरी दर दिवशी पक्षी त्याला अधिक लांबूनच ओळखून उठू लागले, डोक्यावर झेपा घालू लागले. एरवी त्याच वाटेने जाणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. पाचव्या दिवशी दुसराच माणूस पाठवला, तेव्हा ते पहिल्या दिवसासारखे वागले.