तेरा पानांचे मोल

पत्त्यांच्या खेळाला आपल्याकडे प्रतिष्ठा अशी फारशी लाभलीच नाही. सुटीत मेंढीकोट खेळणाऱ्या मुलांना वडीलधारी माणसे खपवून घेतात. मोठ्यांनी पत्ते हाती धरले, की मात्र जुगाराची शंका येते. ब्रिजच्या बाबतीत ही शंका रास्त आहे काय? याचे उत्तर हवे असेल, तर या खेळात दैव कोठे संपते आणि बुद्धी कोठे सुरू होते, हे पाहिले पाहिजे.

पत्ते वाटून होतात. चौघांच्या हाती तेरा-तेरा पाने येतात. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. येथवर सारे दैवाधीन. यापुढे बोली सुरू होते : अमुक रंग हुकूम केल्यास आम्ही इतके हात करू. 'एक'ची बोली म्हणजे सहावर एक, असे सात हात. या बोलीची भाषा अवघी पंधरा शब्दांची आहे : एक ते सात हे आकडे, चार रंग, बिनहुकूम, आणि पास, डबल, रिडबल. दिल्लीतील सरोजिनी नगर, म्हणजे पूर्वीचे विनय नगर, ही सरकारी नोकरांची वसाहत. सर्व प्रांतांतली माणसे येथे शेजारी होतात. मराठी, तमिळ, बंगाली आणि पंजाबी गृहस्थ एका टेबलाशी बसले, तरी एवढ्या शब्दांवर त्यांचा व्यवहार सुरळीत चालतो. मात्र तोंड उघडण्यापूर्वी आपल्याजवळ किती बळ आहे, ते अजमावले पाहिजे.

यासाठी रूढ असलेले माप सोपे आहे : एक्क्याला 4 गुण, राजाला 3, राणीला 2, गुलामाला 1. जोडातले एकूण गुण 40. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 10. साधारण 13 गुण असतील, तर बोली उघडावी. दोघा भिडूंचे मिळून 26 झाले, तर बदाम किंवा इस्पिक हुकूम करून दहा हात बहुधा होतात. बिनहुकमी बारा हातांना 33 लागतात. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखले जाणारे हे माप चार्ल्स गोरेन यांनी 1949च्या आपल्या पुस्तकाने घरोघर पोचवले.

पण केवळ चित्रे मोजून भागत नाही. समजा, एकाजवळ इस्पिकचे राजा, गुलाम, चौकी, दुर्री. बदामचे राणी, गुलाम, तिर्री. चौकटचे राणी, गुलाम, दुर्री. आणि किलवरचे गुलाम, पंजी, चौकी आहेत. गुण 11. दुसऱ्याजवळ इस्पिकचे एक्का, राजा, दश्शी, नव्वी, पंजी. बदामचे एक्का, दश्शी, अठ्ठी, छक्की, चौकी. चौकटचे सत्ती, दुर्री. आणि किलवरची एकटी पंजी. गुण तेवढेच, 11! तरी पहिल्याने पास म्हणावे आणि दुसऱ्याने निःशंकपणे इस्पिक बोलावे. गोरेन यांच्या हिशेबात एखाद्या रंगाची दोनच पाने असल्यास 1, एकच असल्यास 2 आणि एकही नसल्यास 3 गुण अधिक धरतात. दुसऱ्याचे गुण अशा रीतीने 14 होतात.

हा हिशेबही कायमचा नव्हे. भिडूने इस्पिकला दुजोरा दिला, तर किलवरचा पहिला हात गेल्यावर पुढचे हुकमाने कापता येतील. ती एकटी पंजी मोलाची ठरते. उलट, भिडू किलवरच बोलत राहिला, तर तीच उणीव ठरते. राजाचेही तसेच. उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने आपल्या राजाचा रंग बोलला, तर एक्का बहुधा त्याच्याजवळ असतो. तो आपल्या आधी खेळतो, म्हणून आपला राजा सुरक्षित. तोच रंग डावीकडून बोलला गेला, तर राजा धोक्यात. पाने बदललेली नाहीत. त्यांचे मोल बदलले. जो पहिल्या मोजणीला चिकटून बसतो, तो भिडूलाही बुडवतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला कौशल्याचा खेळ मानले, तेव्हा रमीतील दैवाचा अंश ब्रिजमधील पत्तेवाटपासारखाच असल्याचे म्हटले होते. पुढे 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी बर्धन साठ वर्षांचे होते. तेव्हा श्रोतेहो, घरातले कोणी ब्रिज शिकू म्हणेल, तर त्याला अडवू नका. पैशाची पैज तेवढी टेबलापासून दूर ठेवा, आणि भिडू बोलला की आपली पाने पुन्हा एकदा मोजायला सांगा.